जनरेटिव्ह सीक्वेन्सर

संगीतकाराने घालून दिलेल्या मर्यादांत स्वरांची किंवा आघातांची मालिका आपोआप तयार करणारे, सिंथेसायझरला जोडून वापरायचे उपकरण. साध्या सीक्वेन्सरमध्ये प्रत्येक पायरीवरचा स्वर वादक भरतो. येथे तो नियम, शक्यता आणि आवर्तनाची लांबी ठरवतो. हाताला पडलेल्या वळणांपलीकडची चाल सुचावी, हा वापराचा मुख्य हेतू.

या उपकरणांचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो अठराव्या शतकातील फाशांच्या संगीतखेळांपर्यंत मागे नेतात. योहान फिलिप किर्नबेर्गर यांचा खेळ १७५७ मध्ये छापला गेला. शतकाच्या अखेरीस मोट्सार्टच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या खेळाचे कर्तृत्व मात्र सिद्ध झालेले नाही. हे खेळ कागदावरचे होते. यंत्रांपुरते पाहिल्यास डीट्रिख निकोलाउस विंकेल यांनी १८२१ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे बांधलेल्या कॉम्पोनियमचा दावा अधिक भक्कम वाटतो. त्याचे खिळे ठोकलेले दोन दंडगोल आळीपाळीने वाजत. एक वाजत असताना दुसरा मुकाट बाजूला सरके, आणि त्याने पुढे कोणता पर्याय वाजवायचा हे एक फिरते चाक यदृच्छेने ठरवी. हे यंत्र आज ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात आहे.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकरात मांडलेला स्वरप्रस्तारही येथे विचारात घ्यायला हवा. सात स्वरांचे ५,०४० क्रम, आणि केवळ क्रमांकावरून त्यांतला हवा तो काढून देणारी खंडमेरूची रीत त्यात आहे. तथापि ही गणना सर्वस्वी निश्चित असल्याने तिला यदृच्छेवर चालणाऱ्या यंत्रांचे मूळ मानणे ताणाताणीचे होईल.

विद्युत्-उपकरणांतही निश्चित गणना आणि यदृच्छा हे दोन मार्ग वेगळे दिसतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे एडवर्ड फ्रेडकिन व मार्व्हिन मिन्स्की यांनी रचलेले ‘म्यूझ’ १९७२ च्या सुमारास ट्रायडेक्स कंपनीने बाजारात आणले. त्याच्या गाभ्यात ३१ घरांचे शिफ्ट रजिस्टर, म्हणजे बिटे (० किंवा १) एका घरातून पुढच्या घरात सरकवणारी मांडणी, होती. यदृच्छा त्यात नव्हतीच. खटके त्याच जागी ठेवले की तीच चाल निघे. प्रस्ताराचे नाते जुळलेच तर या यंत्राशी जुळते. याउलट, त्याच दशकातले सिंथेसायझर-निर्माते डॉन बुक्ला यांचे ‘सोर्स ऑफ अनसर्टन्टी’ यदृच्छ व्होल्टेज पुरवी; अशा सिंथेसायझरमध्ये स्वराची उंची व्होल्टेजवर ठरते.

टॉम व्हिटवेल यांच्या ‘ट्यूरिंग मशीन’ या २०१२ मधील मॉड्यूलमध्ये (सिंथेसायझरच्या सुट्या घटकात) दोन्ही मार्ग एकत्र आले. क्लॉकच्या, म्हणजे लय देणाऱ्या संकेताच्या, प्रत्येक ठोक्याला सोळा बिटे एकेक घर पुढे सरकतात. शेवटचे बिट पहिल्या घरात परतताना तसेच ठेवायचे की उलटायचे, हे एका मोठ्या नॉबवर ठरते. नॉब मध्यावर असताना दोन्ही शक्यता समान असतात आणि मालिका कधीच स्थिरावत नाही. पूर्ण उजवीकडे सोळा पायऱ्यांचे आवर्तन पक्के होते. पूर्ण डावीकडे प्रत्येक बिट उलटत गेल्याने ते बत्तीस पायऱ्यांचे होते. वादकांना प्रिय जागा उजव्या टोकाच्या जराशी अलीकडे आहे: तेथे चाल ओळखीची राहते, मधूनच पालटते. स्वराचे व्होल्टेज आठ बिटांवरून ठरत असल्याने एकच बिट उलटले तरी लागोपाठ अनेक स्वर हलतात, पण प्रत्येक वेळी त्या त्या घराच्या वजनाप्रमाणे. हा पालट सुटा धक्का न वाटता गायकाने ‘फिरत’ (स्वरांची सलग फेरी) घेतल्यासारखा वाटतो, तो यामुळेच. मालिका जपून ठेवण्याची सोय नाही. म्हणून ध्वनिमुद्रण सतत चालू ठेवावे आणि मनाजोगते आवर्तन आले की नॉब उजवीकडे नेऊन धरावे, हीच खरी कामाची पद्धत.

तालाच्या बाजूला ‘युक्लिडीय’ सीक्वेन्सर येतात. ठरावीक मात्रांत ठरावीक आघात शक्य तितके समान अंतराने बसवण्याची ही रीत आहे. आठांत तीन बसवले की ३-३-२ हा क्यूबाच्या संगीतातला परिचित ठेका मिळतो. संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड तूसाँ यांनी २००५ मध्ये तिचा जगातील अनेक पारंपरिक तालांशी संबंध दाखवला. ती ज्या अल्गोरिदमवर आधारली आहे तो मुळात न्यूट्रॉन-स्रोतातील स्पंदांच्या वेळा आखण्यासाठी होता.

यदृच्छ व्होल्टेज क्वांटायझरमधून, म्हणजे व्होल्टेज जवळच्या ठरलेल्या स्वरावर आणणाऱ्या घटकातून, नेले की ते निवडलेल्या स्वरसमूहात बसते. रागसंगीतासाठी एवढे पुरत नाही. यमनचे स्वर भरले तरी षड्ज वगळून ‘नि रे ग’ असे चढणे किंवा गंधारावर ठेहराव यंत्राला ठाऊक नसतो. निघालेल्या मालिकेतून असे तुकडे वेचून बढत (रागाचा क्रमाने विस्तार) वादकालाच करावी लागते.