कांदळवनाची खरी दौलत चिखलात

कांदळवन म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारं जंगल, इंग्रजीत मॅन्ग्रोव्ह. त्यातल्या तिवराच्या झाडाखालची जमीन ओहोटीला उघडी पडली की चिखलातून वर आलेले शेकडो टोकदार खुंट दिसतात. ही त्याची श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून हे झाड मुळं हवेत काढून श्वास घेतं. जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. पानावरून बोट फिरवलं तर मिठाचे बारीक कण लागतात. इथलंच दुसरं झाड, कांदळ, मात्र मीठ मुळांशीच अडवतं आणि त्याचं बी झाडावर असतानाच रुजून लांब शेंगेसारखं खाली लोंबतं.

प्राणवायूचा हा अभावच मोलाचा आहे. गळलेली पानं, मेलेली मुळं तिथे पुरती कुजत नाहीत. वर गाळाचे थर चढत जातात आणि कार्बन शतकानुशतकं गाडलेला राहतो. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातल्या २५ कांदळवनांची मोजणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. हेक्टरी सरासरी हजार टनांहून थोडा अधिक कार्बन निघाला, आणि त्यातला बहुतेक मातीत होता.

समुद्रातल्या मासळीचा धागाही इथेच जोडलेला आहे. खेकडे गळकी पानं बिळात ओढून नेतात, उरलेल्या चुऱ्यावर जिवाणू आणि बुरशी वाढते, त्यावर कोळंबी आणि माशांची पिल्लं पोसतात. मुळांच्या दाट जाळीत मोठ्या शिकारी माशांना सहज शिरता येत नाही. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात २००८ साली याचा हिशोब मांडला गेला: पाण्यालगतच्या एक हेक्टर कांदळवनामुळे मासेमारीला वर्षाला सुमारे ३७,५०० डॉलरचा लाभ. हा पैसा मिळतो जाळं टाकणाऱ्याला, जमिनीच्या मालकाला नाही. कांदळवनं स्वस्तात तोडली जातात ती यामुळेच, असं मला वाटतं.

वादळातल्या संरक्षणाबद्दल पुष्कळदा वाढवून सांगितलं जातं, म्हणून ओडिशाचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रापाडा जिल्ह्यातल्या चारशेहून अधिक गावांची तुलना झाली. गाव आणि समुद्र यांमध्ये कांदळवनाचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी, असं दिसलं. वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने त्याहून अधिक जीव वाचवले, हेही त्याच अभ्यासात नोंदलं आहे. जंगल इशाऱ्याची जागा घेत नाही, त्याला जोड देतं.

कोळंबीच्या तळ्यांसाठी जंगल तोडलं की काही वर्षं चांगली कमाई होते. पण खणलेल्या चिखलातल्या लोह-गंधकाच्या संयुगांना हवा लागली की त्यांपासून गंधकाम्ल तयार होतं. पाणी आंबतं, कोळंबी रोगाला बळी पडते आणि तळं सोडून द्यावं लागतं. थायलंडमधल्या अशा तळ्यांच्या हिशोबात प्रदूषण, सरकारी सवलती आणि जंगल पुन्हा उभं करण्याचा खर्च धरल्यावर नफा उरलाच नाही.

पुन्हा उभं करणं म्हणजे नुसती रोपं लावणं नव्हे. ही झाडं साधारणपणे सरासरी समुद्रपातळीच्या वरच्या पट्ट्यात वाढतात. त्याखालच्या सपाट चिखलात लावलेल्या रोपांच्या रांगा बुडून मरतात. बऱ्याच ठिकाणी तळ्याचे बांध फोडून भरतीला वाट दिली आणि जवळपास जुनी झाडं शिल्लक असली, तर बी पाण्याबरोबर वाहत येतं आणि आपसूक रुजतं.