ओपन-बॅक हेडफोनची पार्श्वभूमी: जन्मला स्वस्तात, वाढला महागात, आता परत आवाक्यात

पंधरा हजारांच्या आतला नवा ओपन-बॅक हेडफोन बाजारात आला, की त्याच्यासोबत एक दावा ठरलेला असतो: आजवर मोजक्या श्रीमंत शौकिनांना मिळणारा आवाज आता सगळ्यांसाठी. सांगली-मिरजेकडे गाणं शिकणारी, बैठकींना जाणारी बरीच मंडळी सध्या असा पहिला हेडफोन घ्यायच्या विचारात आहेत, आणि तीही हा दावा खरा धरून चालतात. इतिहास मात्र उलटा आहे. उघड्या पाठीचा हेडफोन जन्माला आला तोच हलका, साधा आणि घरगुती वापराचा म्हणून. महाग तो पुढे झाला. हे नीट समजलं तर नव्या जोडाकडे बघण्याची नजर बदलते, म्हणून हे टिपण.

आधी उघडी पाठ म्हणजे काय ते पाहू. हेडफोनच्या कपात एक पातळ पडदा असतो. तो कानाकडे हवा ढकलतो तेव्हा मागच्या बाजूची हवाही तितकीच हलते. म्हणजे एकच पडदा दोन आवाज काढतो, एक कानाकडे आणि एक पाठीकडे. बंद कपात पाठीकडचा आवाज प्लास्टिकच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि पडदा इतका पातळ असतो की त्यातला काही भाग आरपार कानापर्यंत पोचतो. हंड्यात तोंड घालून बोललं की आवाजाला जो घुमारा चढतो, त्याचीच ही सौम्य जात. कपात फोम भरून, भिंतींचा आकार बदलून हा घुमारा बराचसा आवरता येतो, पण त्याला कसब लागतं आणि पैसाही. ओपन-बॅकमध्ये ती भिंतच काढून जाळी बसवलेली असते. पाठीकडचा आवाज बाहेर निघून जातो, आणि गाणं डोक्यात कोंबल्यासारखं न वाटता जरा मोकळ्या जागेत चालल्यासारखं वाटतं.

याची किंमतही मोजावी लागते. आतलं बाहेर ऐकू जातं आणि बाहेरचं सगळं आत येतं. शिवाय अगदी खालच्या सुरांत पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना गाठून एकमेकींचा जोर खोडतात, त्यामुळे खोल बास कमी होतो. ओपन-बॅकचा सारा इतिहास या देवाणघेवाणीचा इतिहास आहे.

हेडफोनचं मूळ ऐषआरामात नाही, कामात आहे. टेलिफोन एक्स्चेंजवर, बिनतारी संदेशाच्या खोलीत लोक ते लावून बसत. 1910 च्या सुमाराला अमेरिकेतल्या युटाहमध्ये नॅथॅनिएल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने घेतले. 1937 मध्ये बर्लिनच्या बायर कंपनीने डीटी 48 आणला, तो पहिला डायनॅमिक हेडफोन (चुंबकातल्या तारेच्या गुंडाळीने पडदा हलवणारा), म्हणजे आजच्या बहुतेक हेडफोनांचा थेट पूर्वज. पण हे सगळं ऑपरेटरांसाठी होतं. घरी बसून गाणं ऐकण्यासाठी हेडफोन लावायचा ही रीत पडली ती 1958 मध्ये, अमेरिकेतल्या मिलवॉकीमध्ये. जॉन कॉस आणि त्यांचे सहकारी मार्टिन लँग एक छोटा स्टिरिओ रेकॉर्ड प्लेयर बनवत होते. शेजारच्याला त्रास न होता ऐकता यावं म्हणून त्यांनी त्याला हेडफोन जोडला. लोकांना प्लेयरपेक्षा हेडफोनच आवडला. हा पहिला स्टिरिओ हेडफोन, आणि तो बंद पाठीचा होता. पुढची दहा वर्षं हेडफोन म्हणजे जड, कान दाबून धरणारी, घाम फोडणारी वस्तू असंच समीकरण राहिलं.

ते मोडलं 1968 मध्ये. हॅनोवरजवळच्या वेनेबॉस्टेल गावात फ्रिट्झ सेनहायझर यांनी 1945 मध्ये सुरू केलेल्या कंपनीने एचडी 414 बाजारात आणला. जगातला पहिला ओपन-बॅक हेडफोन म्हणून त्याचीच नोंद आहे. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. प्लास्टिकची साधी पट्टी, दोन छोटे ड्रायव्हर (पडदा हलवून आवाज काढणारा भाग), आणि कानावर नुसते टेकणारे फोमचे तुकडे. यातला पिवळा फोम पुढे त्याची ओळखच झाला. कान झाकायचे नाहीत, बाहेरचं जग तोडायचं नाही, दाबायचं नाही. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, 2000 ओहम होता, तो घरातल्या रेडिओ-टेपरेकॉर्डरला जोडायच्या हिशोबाने. एक कोटीहून जास्त एचडी 414 विकले गेले असं कंपनी सांगते. म्हणजे पहिला ओपन-बॅक हाच जगात सर्वाधिक खपलेल्या हेडफोनांपैकी एक. त्याची कल्पना वापरण्याचा परवाना इतर कंपन्यांनीही घेतला. ज्या वस्तूला आज आपण खास शौकिनांची म्हणतो, तिची सुरुवात ही अशी आहे.

दुसरा मोठा टप्पा वॉकमनचा. 1 जुलै 1979 ला सोनीने जपानमध्ये वॉकमन विक्रीला काढला, आणि त्याच्यासोबत साधारण 50 ग्रॅमचा, फोमच्या गोल गाद्यांचा हेडफोन दिला. तोही उघडाच होता. कान बंद न करणारा हा हेडफोन नसता, तर खिशातला टेपरेकॉर्डर खिशातच राहिला असता असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे ही वस्तू दुकानातून कमी आणि माणसांकडून जास्त आली. विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाईची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली. आमच्या घरचा पहिला वॉकमन मद्रासला गलाईचं दुकान असलेल्या मामांनी तिथल्या बर्मा बाझारातून आणला. त्याच्या केशरी फोमच्या गाद्या फाटल्या तेव्हा आईने जुन्या सुती कापडाची खोळ शिवून घातली, आणि आवाज एकदम मऊ झाला. पडद्यापुढचं कापड, फोम, जाळी यांनी आवाज घडतो हे तेव्हा कानांनी कळलं. कारखान्यात ट्यूनिंग म्हणतात त्यातला मोठा भाग आजही हाच असतो: पडद्याच्या पुढेमागे किती दाट कापड, किती भोकं.

1984 मध्ये कॉसने पोर्टा प्रो काढला. घडी होणारा, हलका, उघडा, आणि अजून बनतो. चाळीस वर्षं एकच वस्तू जवळजवळ तशीच विकली जाणं या धंद्यात दुर्मीळ. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ग्रॅडो कुटुंबाने एसआर60 आणला, किंमत 69 डॉलर. ग्रॅडो मुळात रेकॉर्ड प्लेयरच्या कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणारे, त्यामुळे तारसप्तकातली धार त्यांना प्रिय. एन्ट्री-लेव्हल ऑडिओफाइल ही आज सरसकट वापरली जाणारी कल्पना एसआर60 ने रुजवली असं म्हणता येईल: थोडक्या पैशांत, आवाजाखेरीज कशावरही खर्च न केलेला जोड.

महाग होण्याची वाटही याच काळात सुरू झाली. एकीकडे स्टुडिओ होते. व्हिएन्नाच्या एकेजीचा के240 हा अर्धा उघडा, 600 ओहमचा हेडफोन ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत जगभर पोचला होता. बायरचा डीटी 990 1985 चा. दुसरीकडे सेनहायझरने 1991 मध्ये ऑर्फियस नावाचा इलेक्ट्रोस्टॅटिक (स्थिर विजेच्या ओढीने पडदा हलवणारा) हेडफोन स्वतःच्या अँप्लिफायरसह काढला, मोजके तीनशे संच, किंमत साध्या माणसाच्या घराइतकी. त्याच कंपनीचा एचडी 580 1993 चा आणि एचडी 600 1997 चा. एचडी 600 ला मी या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक हेडफोन मानतो. माणसाचा गळा त्यावर जितका सरळ ऐकू येतो तितका त्याच्या कितीतरी पट महागड्या जोडांवरही येत नाही. पण तो 300 ओहमचा, त्याला बरा अँप्लिफायर लागतो, म्हणजे खर्च वाढला. पुढे 2009 चा एचडी 800, आणि 2016 मध्ये फ्रान्सच्या फोकलचा युटोपिया, सुमारे 4000 डॉलरचा. उघडी पाठ म्हणजे श्रीमंती हे समीकरण या पंचवीस वर्षांत तयार झालं.

ते परत उतरलं कसं? तीन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. पहिली प्लेनर तंत्राची. यात ड्रायव्हरच्या छोट्या गोल पडद्याऐवजी मोठी पातळ फिल्म असते, तिच्यावर धातूच्या वाहक रेषा, आणि बाजूला चुंबकांच्या ओळी. यामाहाने 1976 मध्येच एचपी-1 मध्ये हे करून दाखवलं होतं, पण ते मागे पडलं. हायफायमॅनसारख्या कंपन्यांनी ते पुन्हा उचललं, उत्पादन चीनमध्ये वाढलं, आणि काही वर्षांपूर्वी हजारो डॉलरचं वाटणारं तंत्र दीड-दोनशे डॉलरच्या हेडफोनात आलं.

दुसरी गोष्ट मोजमापाची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. हर्मन या ऑडिओ कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी 2012-13 पासून माणसांना प्रत्यक्ष ऐकवून तपासलं, की हेडफोनचा आवाज कुठल्या पट्टीत किती चढा-उतरा असला तर बहुतेकांना पसंत पडतो. त्यातून निघालेली आलेखाची रेघ आज हर्मन टार्गेट म्हणून ओळखली जाते. ती सर्वांना पटते असं नाही, मलाही तिचा बास शास्त्रीय गाण्यासाठी थोडा जास्त वाटतो. पण आधी ज्याला मुरलेल्या इंजिनिअरचा कान लागायचा, त्याला आता एक जाहीर लक्ष्य मिळालं. छोट्या कंपन्याही त्याकडे बघून कापड-जाळीचं गणित बसवू लागल्या.

तिसरी विक्रीची. 2016 मध्ये मासड्रॉप या अमेरिकी विक्रेत्याने सेनहायझरकडून एचडी 650 चाच एक भाऊ, एचडी 6एक्सएक्स, 200 डॉलरला देऊ केला. आवाज तोच, रंग वेगळा. त्यानंतर वरच्या दर्जाच्या ओपन-बॅकला पाचशे डॉलर का मोजायचे, हा प्रश्न ग्राहक उघडपणे विचारू लागले. 2020 मध्ये सेनहायझरने स्वतः एचडी 560एस आणला, 120 ओहमचा आणि स्वस्तातला. आज बाजारात येणारे नवे एन्ट्री-लेव्हल जोड या तिन्ही प्रवाहांच्या संगमावर उभे आहेत.

आता आपल्या कानांचं बघू. मिरजेत सतारमेकर घराण्यांचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब राहिले ते याच गावात. तिथल्या एखाद्या कारागिराला जवारी काढताना, म्हणजे तार खुलून वाजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून बसवताना पाहावं. घोडीच्या पृष्ठभागावर कानस अगदी हलक्या हाताने फिरते, मग तारेखाली सुताचा धागा सरकतो, तार छेडली जाते, कान जवळ जातो, धागा केसभर मागे. एका क्षणी तार उमलते आणि वरचे स्वयंभू स्वर ऐकू येऊ लागतात. ओपन-बॅक हेडफोन पारखायला यापेक्षा चांगली कसोटी मला माहीत नाही. चांगल्या ध्वनिमुद्रणातला नुसता तंबोरा लावायचा. बंद, स्वस्त हेडफोनवर ते वरचे स्वर एका गुंजनात मिसळतात. चांगल्या ओपन-बॅकवर पंचम, मधल्या दोन जोड-तारा आणि खर्ज अशा चारही तारांची वलयं वेगवेगळी सुटी होतात.

बास कमी असल्याच्या तक्रारीचंही उत्तर इथेच आहे. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झवर असतो. जुन्या धर्तीच्या ओपन-बॅकचा बास कमी व्हायला लागतो तो त्याच्या आसपास आणि त्याखाली. खर्जाचा मूळ स्वर थोडा हलका झाला तरी त्याचे वरचे स्वर पूर्ण असतात, आणि कान तो स्वर भरून घेतो. बैठकीच्या गाण्याचं फारसं काही बिघडत नाही. ज्याला नव्या सिनेमासंगीताचा बास छातीत जाणवायला हवा, त्याने मात्र प्लेनर पाहावा नाहीतर बंद हेडफोन घ्यावा. त्यात कमीपणा नाही, गरज वेगळी आहे.

घरची परिस्थितीही विचारात घ्यावी लागते. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात सांगलीत बंद हेडफोन अर्धा तासही सहन होत नाही, तिथे उघडी पाठ आणि कापडी पॅड खरोखर सुख देतात. पण गळीत हंगामात रात्री उसाचे ट्रॅक्टर डेक लावून रस्त्याने जातात तेव्हा तुमचा विलंबित ख्याल आणि त्यांचं गाणं एकत्रच ऐकावं लागतं. पंखाही सगळा आत येतो. शिवाय शेजारी कुणी झोपलेलं असेल तर तुमचं ऐकणं त्यालाही ऐकू जातं. एका खोलीच्या घरात याचा विचार आधी करावा.

राहिला प्रश्न जोडायचा कशाला. 2016 च्या आयफोन 7 पासून मोबाइलमधली गोल पिन जाऊ लागली. त्यामुळे फोनला लावायचा छोटा डॅक डोंगल (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा हेडफोनला लागणारा सिग्नल बनवणारा जोडतुकडा) हा आता हेडफोनच्या खर्चातच धरावा. 32 ओहमच्या आसपासचे आणि बऱ्यापैकी संवेदनशील जोड त्यावर आरामात चालतात. 300 ओहमला तो बहुधा अपुरा पडतो. प्लेनरचं गणित निराळं, ओहम कमी दिसले तरी त्यातले काही भरपूर करंट मागतात, म्हणून नुसता ओहमचा आकडा बघून निर्णय करू नये.

आणि घेण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात: केबल कपातून सुटी निघते का, आणि पॅड वेगळे विकत मिळतात का. एचडी 600 इतकी वर्षं टिकला तो आवाजामुळे आणि तितकाच त्याचा प्रत्येक भाग बदलता येतो म्हणून. आपल्याकडच्या पावसाळ्यात रेक्झिनचे पॅड लवकर सोलटतात, आतला फोम दबला की कान पडद्याच्या जवळ जातो आणि आवाज बदलतो. सुटे पॅड मिळत नसतील तर तो जोड कितीही स्वस्त असला तरी मी घेणार नाही.