डेबियनच्या मेनफ्रेम कर्नलमध्ये बंद असलेला पर्याय सुरू करून हवाय? अर्ज असा करा

आयबीएम झेड मेनफ्रेमवर (मोठ्या संस्थांच्या महासंगणकावजा सर्व्हरवर) डेबियन हे लिनक्स वितरण चालवताना ही अडचण येते: हार्डवेअर आहे, मूळ लिनक्समध्ये ड्रायव्हरही आहे, पण डेबियनने कर्नल (लिनक्सचा गाभा) बांधताना तो पर्याय बंद ठेवलाय. दर अपडेटला स्वतःचा कर्नल बांधत बसण्यापेक्षा तो सगळ्यांसाठीच सुरू करायची मागणी करा.

अर्ज कोणीही करू शकतं. फी नाही, खातं नाही, कंपनीचं पत्र नाही. चालू ईमेल पत्ता मात्र हवा, कारण पुढचे प्रश्न त्यावरच येतात.

आधी ‘बूट’ डिरेक्टरीतली ‘कॉन्फिग’ फाइल उघडून पर्यायापुढे ‘इज नॉट सेट’ आहे ना, ते बघा. ‘एम’ दिसलं तर तो मॉड्यूल (गरजेपुरता जोडता येणारा वेगळा तुकडा) म्हणून आधीच आहे, फक्त लोड करायचा. ‘अनस्टेबल’ या डेबियनच्या चालू विकासाच्या शाखेतला ताजा कर्नल आणि जुने बग रिपोर्टही चाळा.

मागणी बग रिपोर्ट म्हणूनच जाते. डेबियनचा ‘रिपोर्टबग’ प्रोग्राम वापरा किंवा साधा ईमेल करा. पॅकेज ‘एसआरसी:लिनक्स’ (कर्नलचं सोर्स पॅकेज), तीव्रता ‘विशलिस्ट’ (बिघाड नाही, मागणी).

खरी मेहनत कारण लिहिण्यात आहे. ‘सुरू करा’ एवढंच लिहू नका. समजा ‘व्हीएफआयओ एपी’ हा ड्रायव्हर हवाय, तर लिहा: केव्हीएमवरच्या (लिनक्सच्या आभासी मशीन चालवणाऱ्या सोयीवरच्या) गेस्टना, म्हणजे आभासी मशीनना, मेनफ्रेमचं क्रिप्टो कार्ड वापरायला द्यायचंय, त्यासाठी हाच ड्रायव्हर लागतो. शक्य असेल तिथे ‘वाय’ऐवजी (म्हणजे कर्नलमध्येच कायमचा बसवण्याऐवजी) ‘एम’ मागा. ‘वाय’ केलेला कोड प्रत्येकाच्या कर्नलमध्ये जातो. मॉड्यूल ज्याला हवा तोच लोड करतो. ज्यांना पर्याय नको त्यांना त्रास नाही, हे दिसलं की मागणीला वजन येतं.

सोबत कर्नलची आवृत्ती, ‘कॉन्फिग’मधली ती ओळ आणि डेबियन कशावर चालतंय, एलपार (मेनफ्रेमचा हार्डवेअर पातळीवरचा विभाग), झेड/व्हीएम (आयबीएमची आभासी मशीन प्रणाली) की केव्हीएम, हे जोडा. मशीनचा प्रकार ‘प्रॉक’मधल्या ‘सिसइन्फो’त मिळतो, पण ती फाइल जशीच्या तशी चिकटवू नका. तिच्यात मशीनचा अनुक्रमांक आणि एलपारचं नाव असतं, आणि रिपोर्ट, तुमच्या ईमेल पत्त्यासकट, जगाला दिसतो.

‘एस३९०एक्स’च्या (डेबियनमधलं या मेनफ्रेमचं नाव) कॉन्फिग फाइलमधला बदल पॅच (बदललेल्या ओळींची फाइल) म्हणून दिलात तर ‘पॅच’ टॅग लावा. साल्सा या डेबियनच्या गिट सर्व्हरवर मर्ज रिक्वेस्टही (बदल सामावून घेण्याची विनंती) चालते, तिथे मात्र खातं लागतं.

पोच म्हणून बग क्रमांक येतो. बदल आधी ‘अनस्टेबल’मध्ये उतरतो, ‘स्टेबल’ या अधिकृत आवृत्तीवाल्यांना बहुतेकदा पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागतं. नवा कर्नल आला की आपल्या मशीनवर चालवून बघा आणि निकाल त्याच क्रमांकावर कळवा.