डाउनलोडर की ड्रॉपर? ट्रोजन सापडला की आधी हे बघा

ट्रोजन म्हणजे साध्या फाइलचं सोंग घेऊन कॉम्प्युटरमध्ये शिरणारा घातक प्रोग्रॅम. अँटिव्हायरसने ट्रोजनडाउनलोडर सापडला म्हणून दाखवलं, तुम्ही रिमूव्ह दाबलं, हिरवी टिक आली आणि लगेच परत कामाला लागलात, असं करू नका प्लीज. कारण डाउनलोडरचं काम एवढंच असतं की दुसऱ्या कुणाला तरी आत घ्यायचं, आणि ते काम तो पकडला जायच्या आधीच उरकून बसलेला असू शकतो. त्याच लिस्टमध्ये कधी ट्रोजनड्रॉपर असंही नाव येतं, बरेच जण दोन्ही एकच धरून चालतात, पण साफसफाई करताना फरक पडतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

डाउनलोडर हात हलवत येतो आणि आत आल्यावर बाहेरून सामान मागवतो, ड्रॉपर सगळं सामान पिशवीत दडवून सोबतच आणतो. म्हणजे डाउनलोडरला नेट लागतं, ड्रॉपर नेट बंद असलं तरी आपलं काम करून मोकळा. आणि डाउनलोडर आज काय आणेल ते समोरचा सर्व्हर ठरवतो, तीच फाइल सोमवारी पासवर्ड चोरणारं काहीतरी आणेल आणि गुरुवारी रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं), त्यामुळे नुसत्या फाइलच्या नावावरून नक्की काय नुकसान झालंय ते कळतच नाही.

इमोटेट नावाच्या ट्रोजनचं बघा. २०१४ मध्ये हा बँकिंग ट्रोजन (बँकेची लॉगिन माहिती चोरणारा) म्हणून दिसला आणि पुढे दुसऱ्यांचे मालवेअर (घातक प्रोग्रॅम) लोकांच्या मशीनमध्ये पोचवायचा धंदाच त्याने सुरू केला. मेल यायचा, तोही कधीकधी तुमच्याच जुन्या मेलला रिप्लाय म्हणून, कारण आधी ज्याचं मशीन गेलंय त्याचा मेलबॉक्स यांनी चोरलेला असायचा, मग ओळखीचं नाव बघून माणूस फाइल उघडणारच ना. वर्डची फाइल, आत एक चित्र, त्यावर लिहिलेलं की मजकूर दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा. दाबलं की मॅक्रो (फाइलच्या आत भरलेला छोटा प्रोग्रॅम) चालू, तो गुपचूप पॉवरशेल (विंडोजचं कमांड चालवायचं टूल) उघडतो, मॅक्रोमध्ये एक नाही तर बरेच पत्ते भरून ठेवलेले असतात, त्यातल्या बऱ्याच हॅक झालेल्या साध्यासुध्या वेबसाइट, एक बंद असली तर पुढची, आणि जिथून मिळेल तिथून इमोटेट खाली उतरतो. म्हणजे ती वर्डची फाइल झाली डाउनलोडर, आणि गंमत म्हणजे इमोटेट स्वतःही पुढे तेच करायचा, तो ट्रिकबॉट हा दुसरा ट्रोजन आणायचा आणि ट्रिकबॉटच्या मागून कित्येक ठिकाणी र्‍यूक रॅन्समवेअर आलं.

जानेवारी २०२१ मध्ये युरोपोल (युरोपियन युनियनची पोलीस संस्था) आणि बऱ्याच देशांच्या पोलिसांनी मिळून इमोटेटचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि २५ एप्रिलला तो लोकांच्या मशीनमधून आपोआप निघून जाईल अशी सोय केली. पण त्याने निघाला फक्त इमोटेट, त्याने आधी आणून ठेवलेलं बाकीचं तसंच राहिलं, आणि हे अमेरिकेच्या न्याय खात्याने तेव्हा स्पष्ट सांगितलंही होतं. घरच्या कॉम्प्युटरवरही अगदी हेच होतं हो! (इमोटेट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत आला ते वेगळंच.) २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने नेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आपोआप ब्लॉक करायला सुरुवात केली, तर मालवेअर पसरवणारी मंडळी आयएसओ (डिस्कची कॉपी असलेली फाइल), शॉर्टकट फाइल आणि वननोटच्या (मायक्रोसॉफ्टच्या नोट्स ॲपच्या) फाइलकडे वळली.

ड्रॉपर जास्त करून क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कीजेनमध्ये (खोटी लायसन्स की बनवणाऱ्या टूलमध्ये) भेटतो. खरं सॉफ्टवेअरही इन्स्टॉल होतं, म्हणून संशय येत नाही, आणि पोटातली दुसरी फाइल टेम्प किंवा ॲपडेटा या विंडोजच्या आतल्या फोल्डरमध्ये उतरते. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा आरटीओ चलान म्हणून एपीके (अँड्रॉइड ॲपच्या) फाइल फिरतात, त्यातही हा प्रकार असतो, वरचं ॲप "अपडेट करा" म्हणतं आणि पोटातलं दुसरं ॲप इन्स्टॉल करून घेतं, मग ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी गेला. फाइलच्या साइजवरून ओळखू म्हणाल तर तेही धड नाही, २०२३ मध्ये इमोटेटवाल्यांनी वर्डच्या फाइल मुद्दाम ५०० एमबीच्या वर फुगवल्या होत्या, स्कॅनर एवढी मोठी फाइल सोडून देईल म्हणून.

आता काढायचं कसं. डाउनलोडर असेल तर सगळ्यात आधी वायफाय बंद करा, केबल काढा, म्हणजे पुढचं सामान येणं थांबेल. ड्रॉपर असेल तरीही नेट तोडाच, त्याने ड्रॉपर थांबणार नाही पण आतून चोरीचा डेटा बाहेर जाणं तरी थांबेल. मग विंडोज सिक्युरिटीत प्रोटेक्शन हिस्टरी उघडा आणि फाइल कुठे सापडली, किती वाजता सापडली ते लिहून घ्या. ती नुसती डाउनलोड्समध्ये पडलेली असताना पकडली असेल आणि तुम्ही ती उघडलीच नसेल तर बहुतेक सुटलात. उघडली असेल तर त्या वेळेच्या आसपास टेम्प आणि ॲपडेटात काय नवीन आलंय ते बघा, टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) आणि स्टार्टअप ॲप्स बघा, आणि डिफेंडरच्या (विंडोजच्या अँटिव्हायरसच्या) एक्सक्लूजन्सची, म्हणजे तपासायचं नाही म्हणून वगळलेल्या गोष्टींची लिस्ट तर बघाच, कारण तिथे मालवेअर स्वतःचं फोल्डर घालून ठेवतं आणि मग कितीही स्कॅन मारा, काही सापडत नाही.

नंतर दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर पेनड्राइव्हवर आणा आणि फुल स्कॅन चालवा, तो ताजाच आणा, १० दिवसांनी चालत नाही. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन, यात मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलं पण सापडू शकतं. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही फुकट टूल मिळतात.

पासवर्ड मात्र त्या मशीनवरून बदलू नका, दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला, आधी मेलचा मग बँकेचा, आणि सगळीकडून लॉगआउट करा. पैसे गेले असतील तर स्कॅन वगैरे नंतर, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. आणि डाउनलोडर चालला होता हे नक्की असेल, त्याने काय आणलं ते सापडत नसेल आणि त्या मशीनवर तुम्ही बँकेची कामं करत असाल, तर माझं मत विचाराल तर फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाजूला काढा, एकही एक्सई (प्रोग्रॅमची) किंवा सेटअप फाइल सोबत घेऊ नका आणि विंडोज नव्याने टाका.