धुळीच्या वादळात आमचा चालक गाडी थांबवून दिवे का मालवतो?

(चालकासह गाडी घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लांबच्या प्रवासाहून परतलेले ग्राहक कधी कधी तक्रार करतात, "नुसती धूळ दिसली तर तुमच्या माणसाने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, वर सगळे दिवेही मालवले. मागून कोणी आदळलं असतं म्हणजे?" शंका रास्त आहे. पण चालकाला तसं करायला आम्हीच सांगितलेलं आहे.

धुळीच्या वादळाची भीती बहुतेकांना वाऱ्याची वाटते. उंच रिकामे ट्रक आणि दुचाक्या वाऱ्याने हेलकावतात हे खरंच, पण महामार्गावरचे मोठे अपघात होतात ते समोरचं न दिसल्यामुळे, आणि न दिसूनही वेग न उतरवल्यामुळे. ताशी 100 किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर पुढे जाते. अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तरी 40 मीटर तिथेच संपतात. त्यापुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी 55 मीटरच्या आसपास लागतात. आता समजा धुळीत फक्त 50 मीटरपर्यंतच दिसतं आहे. पुढे उभी असलेली गाडी दिसल्या दिसल्या ब्रेक मारला, तरी आदळताना वेग ताशी 90 च्या वरच असणार. हाच हिशेब ताशी 50 ने केला, तर गाडी साधारण 35 मीटरमध्ये उभी राहते. हे झालं मोटारीचं. भरलेल्या ट्रकला याहून बरंच अंतर लागतं.

हवामानशास्त्रात दृश्यमानता 1000 मीटरच्या खाली आली की धुळीचं वादळ म्हणतात. रस्त्यावर तेवढं दिसत असेल तर काहीच अडत नाही. जीवघेणे असतात ते शेवटचे शंभर मीटर.

ही धूळ दोन तऱ्हांनी गाठते. पहिली तऱ्हा सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेली असते. गडगडाटी ढगातून थंड हवा जोरात खाली कोसळते, जमिनीला लागून चहूकडे पसरते आणि कोरडी माती उचलत पुढे सरकते. अशी भिंत किलोमीटरभर किंवा त्याहून उंच होऊ शकते. ती दिसायला भयंकर असते, पण दुरून दिसते आणि निर्णय घ्यायला काही मिनिटं मिळतात. (त्या मिनिटांत कृपया चालकाला 'थोडं हळू घे, फोटो काढतो' म्हणू नका.)

दुसरी तऱ्हा आम्हाला जास्त धोक्याची वाटते. रस्त्यालगत नुकतंच नांगरलेलं, पीक नसलेलं शेत असतं, पाऊस बरेच दिवस पडलेला नसतो आणि वारा आडवा सुटतो. डोक्यावर आकाश स्वच्छ असतं आणि शेतावरून उठलेला लोट रस्त्याचा फक्त काहीशे मीटरचा तुकडा झाकून टाकतो. उजेडातून थेट पडद्यात शिरल्यासारखं होतं. 8 एप्रिल 2011 रोजी जर्मनीत रोस्टॉकजवळच्या ए-19 महामार्गावर असंच झालं. 80 हून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या, काहींनी पेट घेतला आणि 8 जण दगावले. 1 मे 2023 रोजी अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या आय-55 रस्त्यावर 72 वाहनं सापडली, तिथेही धूळ शेतांवरचीच होती. यातलं एकही ठिकाण वाळवंटी नाही. त्याआधी 29 नोव्हेंबर 1991 ला कॅलिफोर्नियातल्या आय-5 रस्त्यावर सुट्टीच्या गर्दीत शंभराहून अधिक गाड्या भिडल्या आणि 17 जणांचा जीव गेला.

आता दिव्यांचं. धुळीत चालवणाऱ्याला रस्त्याची कड दिसत नाही, पट्टे दिसत नाहीत. दिसतो तो फक्त पुढचा लाल दिवा. तो चालत्या गाडीचा असणार असं धरून माणूस त्याच्या मागे मागे येतो. तुम्ही साइडपट्टीवर उभे आणि टेललाइट किंवा चारही इंडिकेटर चालू, तर तुम्हीच त्याला रस्त्यावरून खाली ओढून आपल्या अंगावर घेता. म्हणून गाडी डांबरापासून जितकी लांब नेता येईल तितकी न्यायची, हँडब्रेक ओढायचा आणि ब्रेकवरचा पाय काढायचा, नाहीतर ब्रेकलाइट पेटलेला राहतो. हा पाय बरेच जण विसरतात. नव्या गाड्यांमध्ये अंधारलं की दिवे आपोआप लागतात, काहींत इंजिन चालू असेपर्यंत पुढचे दिवे विझतच नाहीत. म्हणून इंजिनही बंद. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याचा वाहतूक विभागही वाहनचालकांना हेच सांगतो: बाजूला घ्या, दिवे मालवा, पाय ब्रेकवरून काढा. धूळ नेहमीच उठणाऱ्या आय-10 रस्त्याच्या सुमारे 16 किलोमीटरच्या पट्ट्यात त्यांनी धूळ ओळखणारी यंत्रणा बसवली आहे. ती फलकावरची वेगमर्यादा ताशी 120 वरून 55 किलोमीटरपर्यंत उतरवू शकते.

उतरायला जागाच नसेल तर मात्र नियम उलटा होतो. चालत्या लेनमध्ये गाडी कधीच उभी करायची नाही. हेडलाइट डिपरवर ठेवायचे (अप्परचा उजेड धुळीवरून उलट डोळ्यांत येतो), वेग दिसेल तेवढ्याच अंतरापुरता ठेवायचा, अधूनमधून हॉर्न द्यायचा आणि जागा मिळताच उतरायचं.

या वेळात तुमच्याकडून एवढंच हवं: सीटबेल्ट लावलेला राहू द्या, काचा बंद ठेवा, मोबाइलचा टॉर्च लावू नका, 'बघून येतो' म्हणत दार उघडू नका. दम्याचा त्रास असेल तर पंप डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवा. बंद गाडीत उकडतं, हे मान्य आहे.

धूळ बसली तरी चालक लगेच निघणार नाही. ढगातून आलेल्या वादळामागे अनेकदा पाऊस येतो आणि पहिल्या थेंबांनी रस्त्यावरच्या धुळीचा निसरडा चिखल होतो. निघण्यापूर्वी तो काचेवर बाटलीने पाणी ओतेल. वाळूतला गारगोटीचा कण काचेहून कठीण असतो, त्यामुळे कोरडा वायपर फिरवला की काचेवर कायमचे ओरखडे उठतात आणि रात्री समोरच्या दिव्यांत तेच डोळ्यांना खुपतात.

अशा थांब्याचे पैसे आम्ही बिलात लावत नाही. पुढे विमान किंवा रेल्वे गाठायची असेल तर गाडी ठरवतानाच सांगा, म्हणजे निघायची वेळ अलीकडे घेता येईल.