एसपीआयला लागला म्हणजे एनडीएला लागला का?

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात एका विद्यार्थ्याची आई पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आली. "सर, पोरगं एनडीएला लागलं." मुलगा नुकताच दहावी झालेला, वय पंधरा. मी पेढा घेतला आणि पत्र बघायला मागितलं. पत्र छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयचं होतं. एनडीए म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणारी अकॅडमी, आणि एसपीआय म्हणजे तिच्या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्याची संस्था. मी मनापासून अभिनंदन केलं, कारण अख्ख्या महाराष्ट्रातून साठेक मुलं घेतात त्यात हा एक होता. पण मग तिला बसवून अर्धा तास बोललो. मुलगा अजून एनडीएच्या दारात पोचलेला नाही, आता कुठे त्या रस्त्याला लागलाय, हे तिचा आनंद न मोडता सांगायचं होतं. ही गल्लत मला दर वर्षी दोन-तीन घरांत तरी दिसते, म्हणून सविस्तर लिहितो.

एसपीआय म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट. महाराष्ट्र शासनानं 1977 साली काढलेली ही संस्था. मराठी मुलं सैन्यात जवान म्हणून पुष्कळ जातात, अधिकारी म्हणून त्या मानानं कमी जातात, ही खंत त्यामागे होती. इथे दहावीनंतर प्रवेश मिळतो. अकरावी-बारावी सायन्स करायची, वसतिगृहात राहायचं, पहाटे मैदानावर पळायचं, आणि सोबत एनडीएच्या लेखी परीक्षेची आणि एसएसबीची, म्हणजे लेखीनंतर अधिकारी निवडायला होणाऱ्या पाच दिवसांच्या मुलाखत-चाचण्यांची, तयारी करायची. मुलगा तिथे दोन वर्षं विद्यार्थी असतो. तो सैन्याचा कॅडेट नसतो.

एनडीए म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याची नॅशनल डिफेन्स अकॅडमी. ती केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाची. तिची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते 6 ऑक्टोबर 1949 रोजी झाली, आणि 1955 पासून तिथे प्रशिक्षण चालू आहे. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्हींचे कॅडेट तिथे तीन वर्षं एकत्र शिकतात आणि जेएनयूची पदवी घेऊन बाहेर पडतात. पुढे भूदलाचा मुलगा डेहराडूनला, नौदलाचा केरळात एळिमलाला, हवाई दलाचा हैदराबादजवळ डुंडिगलला जातो आणि तिथलं प्रशिक्षण संपल्यावर अधिकारी होतो. खडकवासल्याला दाखल होताना पालकांना बाँड लिहून द्यावा लागतो. मधेच स्वतःहून सोडलं तर खर्च भरून द्यावा लागतो. इतकं बांधून घेणारी ती जागा आहे.

मग लोक गोंधळतात कशामुळे? दोन्हीकडे आधी लेखी, मग मुलाखत. दोन्हीकडे गणवेश, कवायत, बारीक कापलेले केस. शिवाय एसपीआयचं सगळं लक्ष एनडीएवरच असतं, त्यामुळे तिथल्या मुलांच्या तोंडी दिवसभर एनडीएच असतं. त्यात गल्लोगल्ली निघालेल्या खासगी क्लासेसनी आपल्या पाटीवर "डिफेन्स अकॅडमी" लिहून ठेवलंय. तिथे फी भरली की ॲडमिशन होते. खडकवासल्याला पैशानं किंवा ओळखीनं सीट मिळत नाही. कोणी तसं सांगत असेल तर त्याच्यापासून मुलाला लांब ठेवा.

सगळ्यात मोठा गैरसमज हा, की एसपीआय केलं की एनडीएत थेट घेतात किंवा निदान काही जागा राखीव असतात. तसं काहीही नाही. एसपीआयचा मुलगा, साताऱ्याच्या सैनिक शाळेचा मुलगा, डेहराडूनच्या आरआयएमसी या लष्करी शाळेचा मुलगा आणि एखाद्या वाडीतल्या ज्युनिअर कॉलेजचा मुलगा, चौघंही यूपीएससीचा तोच फॉर्म भरतात, तोच पेपर देतात, त्याच यादीत नंबर लागण्याची वाट पाहतात. एसपीआयमधून मिळते ती तयारी. तिची किंमत मी कमी करत नाही. उलट मराठी माध्यमातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला दोन वर्षं तशी सोबत आणि तसे शिक्षक मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त ते सैन्यात नेमणुकीचं पत्र नव्हे, एवढं घरच्यांना कळायला हवं.

अर्जाच्या बाबतीत दोघांचं गणित अगदी वेगळं आहे. एसपीआयचा अर्ज दहावीच्याच वर्षात, बोर्डाच्या परीक्षेच्या आगेमागे भरायचा असतो. लेखी परीक्षा गणित आणि सामान्य क्षमतेची, त्यातून निवडलेल्यांची मुलाखत. महाराष्ट्राचं डोमिसाईल लागतं. बेळगाव, कारवार आणि बीदर जिल्ह्यांतल्या मुलांनाही अर्ज करता येतो, हे सीमाभागातल्या पालकांनी लक्षात ठेवावं. वयाची खिडकी छोटी आणि इयत्ता ठरलेली, त्यामुळे संधी एकदाच येते. फेब्रुवारीत बोर्डाच्या गडबडीत तारीख निसटली की निसटली. ही संस्था मुलांची आहे. मुलींसाठी 2023 पासून नाशिकला अशीच शासकीय संस्था सुरू झाली आहे.

एनडीएची जाहिरात यूपीएससी वर्षातून दोनदा काढते. परीक्षा साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये होते. बारावीत शिकत असलेला किंवा बारावी झालेला, अविवाहित, आणि कोर्स सुरू होताना साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचा असा उमेदवार लागतो. अकरावीच्या मुलाला अर्ज करता येत नाही. भूदलासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. म्हणजे एसपीआयला न लागलेला, आर्ट्सला गेलेला मुलगासुद्धा भूदलासाठी बसू शकतो. हे ऐकून कित्येक पालकांचा चेहरा बदलतो. एसपीआय हुकलं म्हणजे सैन्य हुकलं असं त्यांनी मनात धरलेलं असतं. वयात बसेपर्यंत कितीही वेळा परीक्षा देता येते.

मुलींनाही आता हा फॉर्म भरता येतो. सर्वोच्च न्यायालयानं 18 ऑगस्ट 2021 रोजी अंतरिम आदेश दिला, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुली पहिल्यांदा परीक्षेला बसल्या, आणि 30 मे 2025 रोजी खडकवासल्याहून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. मुलींना परीक्षा फी नाही.

फॉर्म भरताना मी मुलांच्या शेजारी बसतो, कारण चुका तिथेच होतात. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तशीच टाकायची. आधारवर आडनाव आधी आणि मार्कशीटवर वेगळं स्पेलिंग असलं की पुढे पाच ठिकाणी उत्तरं देत बसावं लागतं. परीक्षा केंद्र जो आधी अर्ज करेल त्याला आधी मिळतं, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि पसंतीक्रमाचा रकाना: भूदल, नौदल, हवाई दल आणि एळिमलाची नौदल अकॅडमी. ज्या पर्यायाला क्रमांकच दिला नाही, त्याच्यासाठी तुमचा विचार होत नाही. मुलं घाईत एकच भरून मोकळी होतात.

पेपर दोन. गणिताचे 120 प्रश्न, 300 गुण. सामान्य क्षमतेचे 150 प्रश्न, 600 गुण. प्रत्येकाला अडीच तास. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण कापतात. प्रश्नपत्रिका हिंदीत आणि इंग्रजीत असते, मराठीत नसते. म्हणून मी गणिताच्या संज्ञा अकरावीपासूनच तिन्ही भाषांत पाठ करून घेतो. गेल्या काही परीक्षांत 900 पैकी 300 च्या आसपास गुण मिळालेले पुढे गेले. ऐकायला कमी वाटतं, पेपर हातात आला की कळतं.

पण लेखी ही निम्मीच परीक्षा. दुसरे 900 गुण एसएसबीचे. पाच दिवस. पहिल्या दिवशी एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात बसून सांगायची. त्या दुपारी निम्म्याहून जास्त मुलं बॅगा उचलून स्टेशनवर परततात. उरलेल्यांना पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या, साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य. मैदानावर फळी, दोर आणि ड्रम घेऊन गटानं अडथळा पार करायचा. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या परीक्षकांसमोर एकेकाला बोलावणं, आणि त्यानंतर निवडलेल्यांचे चेस्ट नंबर, म्हणजे छातीवर लावलेले क्रमांक, पुकारतात. एसपीआयचा खरा फायदा मला इथे दिसतो. तिथल्या मुलानं दोर बांधलेला असतो, दहा जणांत बोलण्याची भीती गेलेली असते. घरून तयारी करणाऱ्यांनी खचू नये. नाशिक रोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे लेखी पास झालेल्यांना एसएसबीची तयारी मोफत करून देतात.

आणखी एक गल्लत इथेच होते. एसएसबीत निवडलेल्या मुलाला "रेकमेंड" झाला म्हणतात, आणि त्याच संध्याकाळी गावात फ्लेक्स लागतो. पण रेकमेंड झाल्यावर मेडिकल असतं. कान साफ नसणं, वजन, रंग ओळखणं, पायाची ठेवण, सगळं बघतात. टॅटूचेही नियम आहेत. हाताच्या ठरावीक भागावरचाच चालतो. आणि मेडिकल झाल्यावरही लेखी आणि एसएसबीचे गुण मिळवून यादी लागते. एका वेळी जागा साधारण 400, त्यात भूदलाच्या 208. रेकमेंड होऊन, मेडिकल फिट होऊन यादीत न आलेली मुलं मी पाहिली आहेत. आधी गावानं डोक्यावर घेतलेलं असल्यामुळे त्यांना महिनाभर घराबाहेर पडवत नव्हतं. फ्लेक्स थोडा उशिरा लावला तर काय बिघडतं?

त्या पेढेवाल्या माउलीच्या मुलानं या एप्रिलचा पेपर दिला आणि लेखीत निघाला. तिनं फोन करून विचारलं, "सर, पत्र पोस्टानं येईल ना?" मी म्हटलं, पोस्टमनची वाट बघू नका. भूदल पहिल्या पसंतीला असेल तर निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत सैन्यभरतीच्या वेबसाइटवर स्वतः नोंदणी करावी लागते, ती आज रात्रीच करा. नोंदणी झाली. परवा पुन्हा फोन आला, आता भोपाळला एसएसबीची तारीख आलीय, बॅगेत काय भरू? दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट, पासपोर्ट फोटो, पांढरी हाफपँट, पांढरा टी-शर्ट, पायात मुरलेले बूट. नवे बूट नको, मैदानावर पाय सोलतात.