शोधून न सापडल्याचाही पुरावा असतो

एखादी व्यक्ती बेपत्ता झाल्याची बातमी पसरली की तिच्या अखेरच्या हालचालींचा नकाशा काढणारे हौशी तपासक लवकरच कामाला लागतात. रात्री ९.४० ला ती सीसीटीव्हीत दिसली, ९.५५ ला तिच्या मोबाइलची एका टॉवरवर नोंद झाली, त्यानंतर काहीच नाही. मग हे दोन ठिपके रेषेने जोडले जातात आणि रेषेच्या पुढे एक कथा बेतली जाते. ही मंडळी बहुधा चिकाटीची असतात आणि कधी कधी पोलिसांच्या नजरेतून सुटलेली गोष्टही त्यांना दिसते. प्रश्न आहे तो ठिपक्यांकडून कथेकडे जाताना जे घडते त्याचा.

मुळात ते ठिपके ठिपके नसतात. कॅमेऱ्याचे घड्याळ काही मिनिटे मागे किंवा पुढे असू शकते आणि पंधरा मिनिटांच्या हिशेबात तेवढी चूक पायी गेलेल्या माणसाला गाडीत बसवायला पुरते. मोबाइल सर्वांत जवळच्या टॉवरलाच जोडला जातो असेही नाही. संदेशलहरींची तीव्रता, मध्ये येणारे अडथळे आणि टॉवरवरचा त्या वेळचा भार यांवर ते ठरते. जीएसएम या मोबाइल जाळ्याच्या पद्धतीत एका टॉवरची कमाल पोहोच सुमारे ३५ किलोमीटर असते, तर संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून काढलेले अंतर साधारण ५५० मीटरच्या टप्प्यांत मिळते. म्हणजे नकाशावर जो बिंदू म्हणून दाखवला जातो तो प्रत्यक्षात पंख्याच्या पात्यासारखा पसरलेला पट्टा असतो. शिवाय ती नोंद फोनची असते, माणसाची नव्हे. फोन दुसऱ्या कोणाच्या खिशात असेल, तर सगळा नकाशा त्या दुसऱ्याचा होतो.

दुसरी अडचण मनाच्या घडणीतच आहे. १९८३ साली आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी लिंडा नावाच्या एका काल्पनिक तरुणीचे वर्णन देऊन विचारले की, ती बँकेत कॅशियर असण्याची शक्यता जास्त, की बँकेत कॅशियर असून स्त्रीवादी चळवळीतही सक्रिय असण्याची? बहुसंख्य लोकांनी दुसरा पर्याय निवडला. वास्तविक दोन गोष्टी एकत्र खऱ्या असण्याची शक्यता त्यांपैकी एकटीच्या शक्यतेपेक्षा जास्त असूच शकत नाही. तपशील वाढतो तशी कथा अधिक पटू लागते आणि त्याच वेळी ती खरी असण्याची शक्यता मात्र घटत जाते. ती ओळखीच्या माणसाला भेटली, त्याच्या गाडीत बसली, वाटेत भांडण झाले, ती मध्येच उतरली आणि जंगलाच्या दिशेने गेली, अशा पाच पायऱ्यांची कथा घ्या. आधीच्या पायऱ्या खऱ्या मानून प्रत्येक पुढच्या पायरीला ८० टक्के इतकी सढळ शक्यता दिली, तरी सगळी कथा खरी असण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास राहते. ऐकणाऱ्याला मात्र ती ‘आता सगळे जुळले’ अशी वाटते.

त्यातच कथेतला माणूस नेहमी शहाण्यासारखा चालतो; वाट चुकलेला खरा माणूस तसा चालत नाही. संशोधक यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील जंगलात व सहारा वाळवंटात लोकांना सरळ चालत राहण्यास सांगितले होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, सूर्य किंवा चंद्र दिसत नसताना लोक स्वतःच्याही नकळत गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आले. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती बहुधा कुठे तरी अडकेपर्यंत चालत राहते आणि हाका मारूनही ओ देत नाही, हा शोधपथकांचा नेहमीचा अनुभव आहे. ‘तिथे असती तर तिने हाक ऐकली असती’ हा घरबसल्या केलेला तर्क म्हणूनच धोक्याचा आहे.

शोधशास्त्र कथांपैकी एक निवडत नाही. दुसऱ्या महायुद्धात गणितज्ञ बर्नार्ड कूपमन आणि अमेरिकी नौदलातील त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणबुड्यांच्या शोधासाठी ज्या गणिताचा पाया घातला, त्यात दोन आकडे वेगळे ठेवले जातात: हरवलेली गोष्ट अमुक भागात असण्याची शक्यता आणि ती तिथे असल्यास आपल्याला सापडण्याची शक्यता. समजा, ती व्यक्ती नाल्याकाठच्या भागात असण्याची शक्यता ६० टक्के आहे आणि दाट झुडपांमुळे एका फेरीत ती दिसण्याची शक्यता निम्मीच आहे. फेरी झाली, कोणी सापडले नाही. तरीही नाल्याकाठची शक्यता शून्य होत नाही. ती सुमारे ४३ टक्क्यांवर येते आणि उरलेल्या भागाची ४० वरून ५७ वर जाते. हौशी तर्कांत याच्या उलट दोन टोके आढळतात: एक तर ‘तो भाग तपासला आहे’ म्हणून त्यावर कायमची फुली, नाही तर ‘नीट तपासलाच नसेल’ म्हणून आपला लाडका अंदाज तसाच जपून ठेवणे.

अर्थात ही चूक तज्ज्ञांच्या मोहिमांतही शिरते. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान २२८ जणांसह अटलांटिक महासागरात कोसळले. त्याचे अखेरचे ठिकाण स्वयंचलित संदेशामुळे ठाऊक होते आणि त्याभोवती ४० सागरी मैल त्रिज्येचे वर्तुळही आखले गेले. सुरुवातीला जहाजांनी ब्लॅक बॉक्सवरील ध्वनिसंकेत पाठवणाऱ्या उपकरणांचा माग घेतला. काहीच ऐकू आले नाही, त्यामुळे ऐकून झालेल्या भागाची शक्यता खूप कमी धरली गेली. पुढे मेट्रॉन या कंपनीच्या गणितज्ञांनी सगळ्या अयशस्वी फेऱ्यांचा हिशेब पुन्हा मांडला आणि ती उपकरणेच निकामी झाली असतील तर काय, हे गृहीतक तपासले. त्याबरोबर अखेरच्या ठिकाणाजवळचा, जवळजवळ बाद ठरलेला भाग पुन्हा सर्वांत वर आला. एप्रिल २०११ मध्ये, नव्या मोहिमेच्या साधारण पहिल्याच आठवड्यात, अखेरच्या ज्ञात ठिकाणापासून सुमारे साडेसहा सागरी मैलांवर आणि ३,९०० मीटर खोलीवर विमानाचे अवशेष सापडले.